बाबा जेवले का?

१३ मे, सोमवार

जिन्यात सानिए भेटली. तळमजल्यावरची, तोंडाला कुलूप नसलेली. म्हणते, "वाल्बोना, तुझा सासरा वाळत चाललाय गं. पाव मिळतो ना त्याला घरात?" आणि हसली! पिशव्या हातात घेऊन मी तशीच वर आले. उत्तर सुचलं ते तिसऱ्या मजल्यावर. काय उपयोग!

बाबा गॅलरीत होते. डोक्याला पांढरी टोपी, नजर समोरच्या बांधकामावर. रोज दिसतात ते मला. पण आज नीट बघितलं. कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलंय. शर्टाच्या कॉलरमध्ये मान अशी, की आत आणखी एक मान मावेल.

"जेवलात का, बाबा?"

"जेवलो, सूनबाई. योनिदाबरोबर."

१४ मे

योनिदा दात घासत होती तेव्हा विचारलं. लेकीशी बोलायला मला तेवढाच वेळ मिळतो. ती म्हणाली, "माझ्याबरोबर? छे! मी दुपारी उभ्या-उभ्या बिस्किटं खाऊन कॉल सेंटरला पळते. आजोबा म्हणतात, तुझा बाप येतोय, त्याच्याबरोबर बसेन."

फातोसला फोन केला. तो व्हॅनमध्ये, मागे प्रवाशांचा गलका. "मी दुपारी घरी कधी येतो गं? बाबा म्हणतात, सूनबाईबरोबर जेवलो."

आणि मला सांगतात योनिदाबरोबर.

फ्रीज उघडला. शनिवारी केलेल्या घेवड्याच्या रश्शाचं भांडं काठोकाठ भरलेलं. वर साय धरल्यासारखा तेलाचा थर. कुणी चमचा बुडवलेला नाही.

दोन वर्षं झाली त्यांना गावाहून दुर्रेसला आणून. आई गेल्या, एकटे कसे राहणार म्हणून आणलं. आमचं माणसांचं घर म्हणून आणलं!

१५ मे

विचारलं. सरळच. "बाबा, खोटं का सांगता?"

रागावले नाहीत. टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाले, "एकट्याने लांडगा खातो, सूनबाई. माणूस जेवायला बसतो." मग म्हणाले, "दुधात पाव बुडवून घेतो की मी. उपाशी कुठाय!"

१७ मे

दवाखान्यात नेलं. अर्धा दिवस रजा. रक्त तपासलं, पोट चाचपलं. आजार कसलाच नाही! माझ्या जिवात जीव आला, तोच डॉक्टरीणबाई मान वर न करता म्हणाल्या, "यांना खायला घाला." बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांना ऐकू गेलं. परत येताना बाबाच माझी समजूत घालत होते. "पोर आहे गं ती. तिला काय कळतंय."

१८ मे, शनिवार

आज भांडण. सांगितलं — उद्यापासून रात्री आठला सगळे टेबलावर. कुणाचं काहीही असो!

योनिदा म्हणाली, "आई, माझी पाळी नऊला सुटते. इटलीतल्या लोकांना सांगू का, आजोबा जेवायचेत, फोन ठेवा?"

फातोस म्हणाला, "आणि मी? श्कोदरहून शेवटची फेरी सोडली की माझा नंबर दुसरा घेतो. एकदा गेलेला नंबर परत मिळत नाही त्या स्टँडवर."

मी म्हणाले, मग मी तरी कशाला मरते? सकाळी कारखान्यात बूट शिवायचे, संध्याकाळी समुद्राकडचे पाहुण्यांचे फ्लॅट झाडायचे. घरी येऊन बघायचं तर चार माणसांच्या चार वेळा. खानावळ बरी!

तेव्हा फातोस बोलला. आवाज खाली आणून, बाबांना गॅलरीत ऐकू जाऊ नये म्हणून. "लहानपणी आम्ही पाच भावंडं पावाकडे बघत बसायचो. बाबा डोंगरातून येईपर्यंत हात लावायचा नाही. बर्फ पडला की कधी येतील त्याचा नेम नाही. धाकटा रडत रडत झोपून जायचा. आता त्याच माणसासाठी मी धंदा बंद ठेवू?"

मला हे माहीत नव्हतं. वीस वर्षं संसार करतेय.

शेवटी ठरलं आठ. योनिदा कुणाशी तरी पाळी बदलून घेणार आहे. फातोस म्हणाला, "बघू." त्याचं 'बघू' मला ठाऊक आहे.

२० मे

आठ वाजले. बाबा आणि मी. फातोसचा टायर पंक्चर. योनिदाची पाळी बदलली नाही. बाबांनी दोन घास घेतले. म्हणाले, "ते आले की जेवू."

२१ मे

आठला बाबा आणि योनिदा. मी नव्हते! एका फ्लॅटच्या मोरीत पाणी तुंबलं होतं.

२३ मे

फातोस आला. जेवताना फोनवर उद्याच्या सीटा भरत होता. एका हाताने खात होता. बाबा त्याच्या हाताकडे बघत होते.

२५ मे, शनिवार

आज जमलं! देवाशप्पथ, जमलं.

दह्यात भाजलेलं मटण केलं होतं, वर सोनेरी कवच धरलेलं, आईंच्या हातचं असायचं तसं. चौघंही होतो. बाबांनी पाव उचलला, तोडला, पहिला तुकडा योनिदाला दिला. मग आम्हाला. मग स्वतः घेतला. दोनदा मागून घेतलं त्यांनी! आणि बोलले किती! लाकूडतोड्यांच्या टोळीत होते तेव्हाची गोष्ट सांगितली. अस्वलाने यांचं जेवण पळवलं, आणि टोळीतला एक जण अस्वलामागे काठी घेऊन धावला, "निदान मीठ तरी ठेव रे!" ओरडत. योनिदा इतकी हसली की नाकातून ताक आलं. फातोससुद्धा हसला. त्याने ही गोष्ट आधी ऐकली असणार. पण हसला.

मग त्याचा फोन वाजला. गाडीत कुणाची तरी बॅग राहिली होती. गेला. योनिदा उठली. मी भांडी घेतली. बाबा बसून राहिले जरा वेळ, टेबलक्लॉथवरचे पावाचे कण बोटाने गोळा करत.

२९ मे

हंगाम सुरू झाला. कोसोवोची माणसं आली, फ्लॅट भरले. आठचं काही खरं नाही.

२ जून

नवीन ठराव. रात्रीचं जाऊ दे. रविवारी दुपारी. आठवड्यात एकदा! सगळ्यांनी माना डोलावल्या.

९ जून, रविवार

कसं लिहू.

सकाळी ब्यूरेक लाटला, थरांमध्ये पालक भरून. पापुद्रा असा, की पलीकडचा हात दिसावा. भट्टीत घातला आणि तेवढ्यात मालकीणबाईंचा फोन. फ्लॅट रिकामा होतोय, नवे पाहुणे दारात उभे, तासाभरात हवा. मी बाबांना म्हणाले, आलेच. फातोस म्हणाला, मग मी एक तिरानाची फेरी मारून येतो, तोवर तू येशील. योनिदा मैत्रिणीकडे गेली. आई आली की फोन करा म्हणाली आजोबांना. प्रत्येक जण दुसरा यायची वाट बघत घराबाहेर!

मी आले तेव्हा ऊन कलून गॅलरीच्या कठड्यावर आलं होतं. बाबा टेबलाशी. अंगात काळा कोट — लग्नाकार्याला घालतात तो. दाढी केलेली. चार ताटल्या मांडलेल्या, चार काटे, चार पेले. ब्यूरेक भट्टीतून काढून मधोमध ठेवलेला, अख्खा. वर फडकं. माश्या बसू नयेत म्हणून.

मला बघून उठायला लागले. म्हणाले, "आलीस? बैस, दमलीस. मी जेवलो."

समोर कोरी ताटली. ब्यूरेकला सुरी लागलेली नाही. आणि माझ्या तोंडावर म्हणतात, जेवलो!

बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

१० जून

काल फातोसने विचारलं, "बाबा जेवले का?" मी म्हणाले, "त्यांना विचार." त्याने नाही विचारलं.

२४ जून

बाबा बरे दिसतात. गालांवर रंग आलाय. काल टेबल सरकवायला मला मदत केली. हे काय आहे? आम्ही तर जून अख्खा एकदाही धड बसलो नाही! सानिए म्हणाली, "म्हाताऱ्याने बाळसं धरलं की गं." या वेळी तिला गोड हसून दाखवलं. जणू काही श्रेय माझंच.

फक्त एक — कांदे भराभरा संपतात. चीजही.

२ जुलै, मंगळवार

कारखान्यात वीज गेली. दुपारी घरी सोडलं. आमच्या गल्लीत वळले तर समोरच्या बांधकामावर काम थांबलेलं. जेवणाची सुट्टी. सिमेंटच्या गोणींवर फळी टाकलेली, भोवती गवंडी. फळीवर टोमॅटो, हिरव्या मिरच्या, चीज, पाव. कुणी खात नव्हतं. सगळे बसून होते. मला वाटलं कुणाची तरी वाट बघतायत.

आमच्या इमारतीच्या दारातून बाबा बाहेर आले. हातात रुमालात बांधलेलं काहीतरी. रस्ता ओलांडला. गाडीवाल्याला हात करून थांबवलं, रुबाबात! सगळे गवंडी उठून उभे राहिले. धुळीने पांढरे झालेले आडदांड गडी. "या आबा, या." एकाने गोणी झटकली. बाबा बसले. रुमाल सोडला — कांदे आणि माझं चीज. मग पाव हातात घेतला, तोडला, वाटला. आणि मग त्या सगळ्यांनी हात पुढे केले.

मी विजेच्या खांबाआड उभी. माझ्या घराच्या समोर, चोरासारखी!

बाबा बोलत होते, हात उंचावून. बहुधा अस्वलाचीच गोष्ट. ते हसत होते सगळे. बरं वाटलं. आणि असं वाटलं, की कुणीतरी माझ्या घरातलं माणूस उचलून नेलंय आणि मला कळायलाही महिना लागला.

४ जुलै

फातोसला सांगायला नको होतं. सांगितलं.

तो असा उसळला! "गवंड्यांच्या फळीवर? भिकाऱ्यासारखे? अख्खी गल्ली बघते! लोक म्हणतील, फातोसच्या घरी बापाला तुकडा मिळत नाही!"

मी म्हणाले, "मिळत होता का?"

ऐकायला तो होता कुठे. गॅलरीत गेला. मी दारात उभी. बाबा शांतपणे ऐकून घेत होते. मग म्हणाले, "ते आपल्या लिब्राझ्दच्या बाजूचे आहेत रे. त्यांच्या मुकादमाचा, त्या झेनेलचा बाप माझ्याबरोबर लाकडं तोडायचा. ते मला खायला घालत नाहीत, फातोस. मी माझा वाटा घेऊन जातो. पण मी गेल्याशिवाय तिथे कुणी पावाला हात लावत नाही."

फातोस म्हणाला, "आम्हीही नव्हतो लावत! विसरलात?"

बाबा म्हणाले, "नाही विसरलो." आणि पुढे, "तुला कमीपणा येत असेल तर नाही जाणार."

फातोस जिंकला. जेवला नाही मात्र.

८ जुलै

बाबा जात नाहीत. दुपारी सुट्टीची शिटी वाजते तेव्हा गॅलरीतून उठून आतल्या खोलीत जातात. शेजारणीने सांगितलं.

११ जुलै

फ्रीजमधलं चीज जसंच्या तसं.

१६ जुलै, मंगळवार

कारखान्यातून जेवणाच्या सुट्टीत धावत आले. थेट बांधकामावर. झेनेल मुकादम पन्नाशीचा, पापण्यांवर सिमेंट. मी म्हणाले, "दादा, मी समोरची. आबांची सून." लगेच त्याने हात पँटला पुसला, छातीवर ठेवला. मी म्हणणार होते — त्यांना बोलवा, तुम्ही बोलावलंत तर येतील, माझ्या नवऱ्याचं मी बघते. तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "वहिनी, फार मोठं काम केलंत. आबांनी सांगितलं आम्हाला. आता घरी सगळे दुपारी एकत्र बसतात, सुनेने त्यासाठी कारखाना सोडला, मुलाने दुपारची फेरी बंद केली, म्हणून येता यायचं नाही म्हणाले. आम्हाला चुकल्यासारखं होतं हो. पण आनंद वाटला. आजकाल कोण करतं एवढं!"

मी कारखान्याचा एप्रन घालून त्याच्यासमोर उभी होते. गळ्याला सूत चिकटलेलं. त्याला दिसलं असणार. त्याने नजर खाली केली.

मी म्हणाले, "रविवारी तुम्ही सगळे आमच्याकडे जेवायला या."

तो म्हणाला, या आठवड्यात छत भरलं की काम संपतं आमचं. सोमवारी गावी. जायच्या आधी आबांच्या घरचा पाव खायला मिळाला तर बरंच.

१६ जुलै, संध्याकाळी

फातोसला सगळं सांगितलं. बाबांनी त्यांना काय सांगितलं तेही. व्हॅनमध्येच, दार लावून. तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. मला वाटलं ओरडेल. एवढंच म्हणाला, "किती जण आहेत? खुर्च्या पुरणार नाहीत. मी आणतो."

२१ जुलै, रविवार

सात गवंडी, सगळे अंघोळ करून, केसांना पाणी लावून आलेले. बांधकामावरचे तेच लोक हे, ओळखूच येईनात! एकाने खरबूज आणलं, एकाने टोमॅटो, झेनेलने घरी गाळलेली राकी.

आणि काय सांगू — फातोसने आज व्हॅन काढलीच नाही! भर हंगामातला रविवार, आणि सकाळी स्टँडवर फोन करून सांगितलं, "माझ्याकडे पाहुणे आहेत." बस्स. तिकडूनही कुणी नंबरचं काढलं नाही. पाहुणे म्हटल्यावर कोण काढेल? योनिदाने सांगितलं, घरी पाहुणे आहेत. तिलाही सुट्टी! मी मालकीणबाईंना तेच म्हणाले. "अगं मग राहू दे, मी दुसरी बघते," म्हणाल्या. दोन महिने मी जे शब्द शोधत होते ते एवढेच होते!

टेबल पुरलं नाही, दार काढून तिपाईवर टाकलं. दोन कोकरांच्या मांड्या, पिलाफ, ब्यूरेक, लोणचं, ताकाचा हंडा. बाबा मधोमध. काळा कोट. पाव तोडला, पहिला तुकडा झेनेलला — पाहुणा म्हणून. मग फिरत फिरत शेवटचा फातोसकडे आला. फातोस उठला, वाकून दोन्ही हातांनी घेतला. बाबांनी क्षणभर तुकडा सोडलाच नाही. दोघांचे हात एकाच तुकड्यावर. काहीतरी बोलले, फातोसलाच ऐकू गेलं असेल.

सानिएसुद्धा वास घेत आली, बसली, भरपूर जेवली, आणि बाहेर पडताना म्हणाली, "मीठ जरा कमी होतं." म्हणू दे!

आवरताना फातोस ताटल्या पुसत होता. हे कधी घडलं नव्हतं. विचारलं, बाबा काय म्हणाले? म्हणाला, "धाकटा झोपल्यावर त्याचा वाटा ते उशाशी ठेवायचे म्हणे. रोज. आम्हाला कधी कळलंच नाही." आणि तीच ताटली परत परत पुसत राहिला.

आता सगळं बदलेल. आज बघितलं ना, येतं की सगळ्यांना! मी ठरवलंय, दर रविवारी —

२२ जुलै, सोमवार

बाबा गेले. सकाळी, झेनेलच्या टेम्पोतून, गावी. बॅग त्यांनी रात्रीच भरली होती. मी रडले, फातोस म्हणाला, निदान मी सोडतो. "तुझे प्रवासी खोळंबतील." राग नव्हता. माझ्या डोक्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नकोस, सूनबाई. काल बघितलं मी. आता पाहुणा म्हणून येत जाईन. पाहुणा आला की तुम्ही सगळे घरी असता."